शांततेतली सळसळ

काळोखात माणसं मोजायची तर कान लागतात. गुहेतल्या गाइडबाईला ही विद्या नोकरीबरोबर मिळाली होती. दालनाच्या टोकाला ती लोकांना उभं करायची, "आता दिवे घालवते, कोणी जागचं हलू नका," म्हणायची आणि खटका दाबायची. मग काळोख पडायचा... घरातला नव्हे, वीज गेल्यावरचा नव्हे. स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला तरी तो आहे यावर केवळ विश्वास ठेवावा लागेल, असा काळोख. अशा वेळी माणूस गप्प राहत नाही. कोणी खोकतं, कोणी पिशवी चाचपतं, आणि कोणीतरी "आता भूत येणार बघा" असा विनोद करतं, जो दर वेळी तोच असतो आणि दर वेळी नवा म्हणून केला जातो. बाई एकेक आवाज टिपत जायची. सगळे भरले की दिवे लावायची.

त्या दिवशी एक माणूस कमी भरला.

तिने पुन्हा कान लावले. दमेकरी आजोबा होते, कुरकुरणारे बूट होते, भूतवाले गृहस्थही होते. पण रांगेच्या शेवटी उभा असलेला तो उंच, किडकिडीत, ओल्या कोटातला माणूस... तो कुठेच ऐकू येईना. त्या बाजूला कठड्यापलीकडे खोल घळ होती. तिने घाईने दिवे लावले.

माणूस जागच्या जागी उभा होता. डोळे मिटलेले, कानांवर मोठे हेडफोन, आणि हातातल्या काठीच्या टोकाला एक करडं, केसाळ, निपचित पडलेलं काहीतरी.

ती तरातरा त्याच्यापाशी गेली. त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"प्राणी आत आणायला बंदी आहे," ती म्हणाली.

"हा प्राणी नाही. माइक आहे."

"त्याला केस आहेत."

"वाऱ्यासाठी असतात. वारा आत शिरला की आवाज खराब होतो."

"गुहेत वारा नसतो."

"हे मला आत आल्यावर कळलं," तो शांतपणे म्हणाला.

"आणि श्वास? तो घेता की नाही? मला वाटलं तुम्ही खाली पडलात."

"घेतो. हळू घेतो. धंद्याची सवय आहे." मग जरा ओशाळून, "माझ्यासाठी कोणी इतकं घाबरलेलं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं."

ती पुढे चालायला लागली. बोलायचं नसलं की ती तसंच करायची. ठेंगण्या कमानीपाशी आल्यावर तिने रोजच्यासारखं मागे वळून म्हटलं, "सावकाश... डोकं सांभाळा." सगळे वाकले. मागून 'टण्ण' असा आवाज आला.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"ऐकलं ना. फार छान सांगता," तो कपाळ चोळत म्हणाला. "ऐकतच राहिलो, म्हणून वाकायचं राहिलं."

गुहेच्या बाहेर पाऊस भुरभुरत होता. तिथे तो वर्षाचा बराचसा काळ भुरभुरतच असे, धड पडायचा नाही आणि धड थांबायचा नाही. आभाळ करडं, दगड काळे, आणि गाड्यांचा तळ रिकामा.

या गुहेला पूर्वी सगळे नुसतं 'बीळ' म्हणत. डोंगर पेटला तेव्हा तिच्यातून लाव्हा वाहिला होता, आणि तो निवल्यावर पुढच्या पिढ्यांनी तिच्यात बटाटे साठवले. मग एके दिवशी कुणा अधिकाऱ्याला तिच्यात संस्कृती दिसली. बटाटे बाहेर गेले, जांभळे-हिरवे दिवे आत आले. बिळाचं 'दालन' झालं, खड्ड्याचा 'रंगमंच' झाला, आणि जिथे बटाटे सडायचे तिथे सतारीचे कार्यक्रम होऊ लागले. प्रत्येक दगडाला नाव मिळालं. 'ध्यानस्थ हत्ती' नावाचा दगड हत्तीसारखा मुळीच दिसत नव्हता, पण ध्यानस्थ होता यात शंका नाही.

बाईचे वडील बिळाच्या काळापासूनचे. कधीमधी कुणी हौशी माणूस आला तर कंदील घेऊन ते आत न्यायचे. आता गुडघ्यांनी दगा दिल्यावर ते तिकीटखिडकीत बसत, आणि आत काय चाललंय याचा अंदाज बाहेर येणाऱ्यांच्या तोंडावरून घेत. टेंगूळ आलेला पाहुणा बघून त्यांनी मुलीला विचारलं, "हा कानवाला कोण गं?"

तो ध्वनिमुद्रक होता. व्यवस्थापकसाहेबांनीच त्याला बोलावलं होतं. साहेबांना 'अनुभव' हा शब्द फार प्रिय. ते चहासुद्धा पीत नसत, चहाचा अनुभव घेत. त्यांनी बाईला ऑफिसात बोलावून सांगितलं, "तुमचा आवाज आपल्याला जतन करायचा आहे. रोज सकाळी, लोक यायच्या आधी, या गृहस्थांना आत न्या आणि नेहमीसारखं बोला."

तिला बरं वाटलं. आपला आवाज जतन करावा असं कुणाला वाटेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. वडील मात्र घास हातात धरून विचारात पडले.

"जतन?" ते म्हणाले. "आजोबांची कवळी आपण जतन करून ठेवली होती, आठवतं?"

"हो. मग?"

"काही नाही. आजोबा नव्हते तेव्हा."

*

सकाळची गुहा वेगळी असते. रात्रभराचं पाणी छतातून झिरपत असतं, आणि कुठे कुठे एखादा थेंब... बराच विचार करून... खाली पडतो. त्या दोघांच्या ओल्या कोटांतून वाफ निघायची. कानवाला दगडावर बसायचा, ती उभी राहायची, आणि तो बोट वर करून म्हणायचा, "बोला."

"इथून एके काळी लाव्हा वाहत होता," ती सांगायची. "वरचा थर थंड झाला, त्याचं छत झालं. आतला मात्र वाहतच राहिला... आणि एक दिवस निघून गेला. उरली ती ही पोकळी."

"थांबा. 'निघून गेला' पुन्हा एकदा."

"काय चुकलं?"

"तुमचं नाही. थेंब पडला."

पुन्हा. पुन्हा थेंब. तिसऱ्यांदा तिला थेंब ऐकूच आला नाही, पण तो म्हणाला पडला.

"तुम्हाला भलतंच ऐकू येतं," ती म्हणाली.

"पोट त्यावरच चालतं. तुमच्या डाव्या बुटात पाणी गेलंय. सकाळी तुमचं घरी भांडण झालंय. आणि 'पोकळी' म्हणताना तुम्ही दर वेळी किंचित थांबता."

तिने चमकून बुटाकडे पाहिलं. "भांडण कशावरून?"

"ते बुटाला माहीत नाही."

भांडण त्याच्यावरूनच झालं होतं. वडिलांनी विचारलं होतं, एवढी छोटी माहिती, तीन सकाळींत संपायची, ती हा पोरगा तीन आठवडे का गोळा करतोय? त्यावर ती जरा जास्तच रागावली होती. पण हे तिने सांगितलं नाही. कमानीपाशी आल्यावर तेवढं म्हणाली, "डोकं सांभाळा," आणि त्याने वाकता वाकता तिच्याकडे असं पाहिलं, की कमानीने दुसऱ्यांदा आपलं काम केलं.

"लागलं?" तिने हात पुढे केला, आणि कपाळाला लागायच्या आत मागे घेतला.

"सवय होतेय," तो म्हणाला.

दिवस असे चालले होते. मग एका संध्याकाळी वडील खिडकी बंद करून आले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. घरात ही गोष्ट इतकी नवी होती, की तिने ताट बाजूला सारलं.

"खिडकीत खोकी आलीत," ते शेवटी म्हणाले. "आत यंत्रं आहेत, कानात घालायची. तिकिटाबरोबर एकेक द्यायचं, असं साहेब म्हणाले. प्रत्येकाच्या कानात एकेक तू बसणार आहेस."

"मग मी?"

"तेच मी विचारलं. ते म्हणाले, एवढ्या सगळ्या असताना बाहेरची कशाला."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर तेच, भुरभुर. तिला हसू यावं अशीच गोष्ट होती. इतकी वर्षं लोक तिच्या मागून चालले, आता ती प्रत्येकाच्या कानातून चालणार होती, तीही न थकता, न भिजता, न पगार मागता. हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिला खोकला सुरू झाला.

तो मोठा शहाणा खोकला होता. एरवी कधी यायचा नाही. बोट वर झालं, वाक्य सुरू झालं, चांगलं रंगात आलं, की शेवटच्या शब्दावर बरोबर यायचा. "आणि एक दिवस निघून... खॉक." कानवाला रेकॉर्डर थांबवायचा आणि काही न बोलता पुन्हा सुरू करायचा. ती आतून त्याच्यावर धुमसत होती. याला माहीत असणार. माहीत असून हा रोज समोर बसतो, आपल्या तोंडातून एकेक वाक्य काढून पिशवीत भरतो, वर बुटातल्या पाण्याची चौकशी करतो.

एका सकाळी त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"एक सांगू? खऱ्या खोकल्याआधी श्वास अडखळतो. तुमचा अडखळत नाही. तुमचा खोकला ठरवून येतो."

एक थेंब पडला. खरोखरचा.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "मशीनचं."

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, तुम्हाला सांगितलं असेल."

"आणि नाही सांगितलेलं, हे कळल्यावर?"

त्याने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "कळल्यावर मला थेंब ऐकू यायला लागले."

"म्हणजे?"

"थेंबाने काही बिघडत नाही हो. नंतर काढून टाकता येतो, एका बटणाचं काम. काम संपलं असतं, तर तुमची नोकरी गेली असती... आणि मला जावं लागलं असतं. यातलं पहिलं कारण मी स्वतःला सांगत होतो."

ध्यानस्थ हत्तीवर जांभळा दिवा पडला होता. तिला एकदम त्या हत्तीची कणव आली, आणि मग आपली. म्हणजे इतके दिवस या गुहेत दोन शहाणी माणसं समोरासमोर बसून एकाच कामाला खीळ घालत होती, एक खोकून आणि एक थेंब मोजून. आणि दोघांनाही वाटत होतं, आपण एकटेच आहोत.

"सांगायला हवं होतंत," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. बचाव केला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

*

साहेबांचा धीर संपला. आठवडाअखेर काम झालं नाही तर दुसरा माणूस आणू, असा निरोप आला. दुसरा माणूस थेंब ऐकणार नाही, हे दोघांनाही कळलं. ती खोकायची थांबली, आणि इतक्या आठवड्यांचं काम एका सकाळीत सुरळीत पार पडलं. चांगलं बोललात, असं त्याला म्हणावंसं वाटलं असणार. तो म्हणाला नाही.

"एवढंच ना?" तिने विचारलं.

"एक राहिलंय. शांतता."

"ती कशाला रेकॉर्ड करायची? मशीन बंद ठेवा की."

"बंद मशीनची शांतता मेलेली असते. लोकांना वाटतं, बिघडलं. दिवे गेल्यावर कानात या जागेची शांतता हवी. प्रत्येक जागेची निराळी असते. तुम्ही दिवे घालवा, आणि... इथे उभ्या राहा."

"माझं काय काम? मी तर बोलणार नाही."

"तुम्ही असतानाची निराळी असते," तो म्हणाला.

तिने खटका दाबला.

काळोख आला. ती सवयीने कान लावून उभी राहिली. मोजायला एकच माणूस होता, आणि तो ऐकू येत होता. इतक्या दिवसांत तिला त्याचा श्वास ओळखता यायला लागला होता... हळू, लांब, कुणाची झोप मोडू नये म्हणून घेतल्यासारखा. आज तो तितका हळू नव्हता. तिचाही नव्हता. दूर कुठे थेंब पडणार होता, तोही बहुधा थबकला.

मग तिच्या कोटाच्या बाहीवर सळसळ झाली. ओलसर, जाड कापडावरून बोटं सरकल्याची. ती मनगटापाशी आली, थांबली, आणि मग तिच्या थंड हातात एक तितकाच थंड हात आला. कोणी बोललं नाही. बोलायचं नाही, असाच तर नियम होता.

किती वेळ गेला, हे रेकॉर्डरला माहीत. तिने दिवे लावले तेव्हा तो हेडफोनमध्ये ऐकत होता, मान खाली घालून.

"बाहीचा आवाज आला असेल," ती म्हणाली. "पुन्हा करू या?"

"नको. चांगली आलीय."

ज्या माणसाने न पडलेल्या थेंबांसाठी वाक्यामागून वाक्य रद्द केलं होतं, तो हे म्हणत होता. ती समजली.

बाहेर, तिकीटखिडकीच्या आडोशाला त्याने विचारलं. सरळच विचारलं, कारण गाडी सुटायची होती. पुढचं काम एका बंदरात आहे, जहाजांचे भोंगे रेकॉर्ड करायचे. माझ्याबरोबर चला.

तिने खिडकीकडे पाहिलं. आत वडील पाठ करून बसले होते, आणि आपल्याला काही ऐकू येत नाही हे दाखवण्यासाठी जरुरीपेक्षा जास्त खुडबुड करत होते. त्यांचा गुडघा उठताना अजून आधार मागायचा.

"माझा आवाज पिशवीत घालून चाललात," ती म्हणाली. "तेवढा पुरे."

हे इतकं कडू बोलायचं तिच्या मनात नव्हतं. पण बोलून झाल्यावर ते पुसायचं बटण तिच्यापाशी नव्हतं. त्याने केसाळ माइक कोटाच्या आत घेतला, भिजू नये म्हणून, आणि तो चालू लागला.

*

तिला डोळ्यांच्या दवाखान्यात काम मिळालं. पेशंटचा नंबर पुकारायचा, डोळ्यांत थेंब घालायचे, आणि दिसेनासं झालेल्या माणसाला हाताला धरून आतल्या खोलीत न्यायचं. एक-दोनदा तिने दारात सवयीने "डोकं सांभाळा" म्हटलं. दार चांगलं उंच होतं. पेशंट तरीही वाकले. दिवसभर थेंब घालताना तिला दुसरे थेंब आठवायचे, आणि संध्याकाळी ती वडिलांना काही सांगायची नाही. वडील काही विचारायचे नाहीत. घरात दोन माणसं होती आणि शांतता होती, पण ती बंद मशीनची.

पाऊस तसाच होता. त्याच्या आवाजाने ती कधी कधी जागी व्हायची आणि तो फोन करेल का, याचा विचार करायची. मग आपण करावा का, याचा. मग कूस बदलायची.

एका दुपारी दवाखान्यात वडिलांचा फोन आला. त्यांचा आवाज खिडकीतला होता, म्हणजे कुणालाही ओळखत नसल्याचा.

"तुझ्या शांततेत वटवाघूळ शिरलंय, अशा तक्रारी आल्यात."

"काय?"

"दिवे गेले की कानात सळसळ होते म्हणे. बायका घाबरतात. एका गृहस्थांनी तर टोपी फिरवून दुसऱ्याच्या थोबाडीत दिली. साहेब म्हणतात, असला अनुभव नको. तो आवाज काढायला आज कानवाला येतोय. शेवटचं ऐकायचं असेल तर शेवटच्या फेरीला ये."

तिने हातातली थेंबांची बाटली खाली ठेवली.

"आणि तिकीट काढावं लागेल," ते म्हणाले. "आमच्याकडे नातलगांना सवलत नाही."

आपण फक्त आवाज ऐकायला चाललोय, असं तिने वाटभर स्वतःला बजावलं. तरी रांगेत उभी राहून तिने दोनदा मागे पाहिलं. उंच कोणी नव्हतं. वडिलांनी तिकीट दिलं, यंत्र दिलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "कानात नीट बसवा, बाई. आवाज चांगला आहे पोरीचा."

आत ती स्वतःच्या मागून चालली. कानात तीच बोलत होती... लाव्हा वाहत होता, थंड झाला, निघून गेला. 'पोकळी' म्हणताना ती किंचित थांबली. खरंच थांबत होती. कमानीपाशी कानातल्या बाईने "डोकं सांभाळा" म्हटलं आणि सगळे निमूटपणे वाकले. कोणी खोकलं नाही, भुताचा विनोद झाला नाही. यंत्राने माणसांना पार गप्प केलं होतं. दिवे आपोआप गेले, तेव्हा तिने कान लावून पाहिलं, तर मोजायला कुणीच नव्हतं. भरल्या दालनात ती एकटी.

मग कानात शांतता सुरू झाली. त्या सकाळची. तिने डोळे मिटले, काळोखात त्याची गरज नव्हती तरी. तो श्वास... हळू, लांब. तिचा, जरा घाईचा. आणि मग सळसळ.

शेजारचं कोणीतरी दचकलं. ती दचकली नाही. पण काहीतरी विचित्र होतं. श्वास दोनदा ऐकू येत होता. तिने एका कानातलं यंत्र काढलं. एका कानात तो तेव्हाचा श्वास घेत होता, आणि दुसऱ्या, मोकळ्या कानात... आत्ताचा.

"वटवाघूळ काढायला आलात?" तिने समोर बघतच कुजबुजत विचारलं. समोर काही दिसत नव्हतं.

"हो."

"मग काढा. एका बटणाचं तर काम."

"बटण सापडत नाहीये."

"बंदरातले भोंगे?"

"संपले. पुढचं काम घेतलं नाही." तो थांबला. "तुमचा आवाज परत करायचा राहिला होता. पिशवीत फार जड होतो."

बोलायचं नसलं की ती चालायला लागायची, पण काळोखात चालता येत नाही. जागचं हलू नका, असं तिनेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"ती सळसळ काढली, की तिथे भोक पडेल," तो म्हणाला. "मग शांतता नव्याने रेकॉर्ड करावी लागेल. इथेच. दिवे घालवून. सकाळी लवकर."

"दवाखाना दहाला उघडतो," ती म्हणाली. हे आपण का सांगितलं, ते तिला कळलं नाही. "आणि बाबांचे गुडघे तसेच आहेत. मी कुठे येणार नाही."

"शांतता इथलीच हवीय. बंदरातली चालणार नाही, मी साहेबांना सांगितलंय."

"किती दिवसांचं काम आहे?"

"तसं एका सकाळीचं." श्वास अगदी तिच्या खांद्यापाशी होता. "बाकी, तू किती खोकतेस त्यावर आहे."

'तू' म्हणाला. बहुधा त्याच्याही लक्षात आलं नसावं, किंवा फार आधीपासून आलं असावं. तिच्या कोटाच्या बाहीवर सळसळ झाली, आणि या वेळी ती कानातल्या यंत्रातून आली नव्हती.

दालनातल्या प्रत्येक कानात तिचाच आवाज म्हणाला, "आता दिवे लावते."

दिवे लागायच्या आत ती खोकली.